शॉर्टफिल्मवाल्यांनी फेस्टिव्हल मार्केटला जावं का?

मे महिना आला की 'आमची फिल्म कानला!' अशा पोस्ट्सचा पाऊस पडतो. त्यातल्या काहींच्या मागे शॉर्ट फिल्म कॉर्नर असतो. फ्रान्समधल्या कान फेस्टिव्हलला जोडून फिल्म्सच्या खरेदी-विक्रीचा बाजार, म्हणजे मार्केट, भरतो. त्यातला हा शॉर्टफिल्मसाठीचा विभाग २००४ साली सुरू झाला आणि बरीच वर्षं तिथे फी भरून फिल्म नोंदवता यायची. कानची अधिकृत निवड ही वेगळी गोष्ट. तिथे शॉर्टफिल्मच्या पाम दोरसाठी, म्हणजे सर्वोच्च पुरस्काराच्या स्पर्धेसाठी, हजारो प्रवेशिकांतून जेमतेम दहा-बारा फिल्म्स घेतात, त्याही १५ मिनिटांच्या आतल्या. शिवाय फिल्म स्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी ला सिनेफ हा स्वतंत्र विभाग आहे. क्रिटिक्स वीक आणि डायरेक्टर्स फोर्टनाइट हे कानमध्येच समांतर भरणारे विभाग आपापली निवड वेगळी करतात. पोस्टरवर फेस्टिव्हलची खूण म्हणून पानांची वेलबुट्टी चिकटवली की घरच्यांना आनंद होतो, पण या धंद्यातला माणूस ती कुठली आहे हे एका नजरेत ओळखतो आणि मनातल्या मनात तुमच्या नावापुढे फुली मारतो. नोंदणी आणि निवड यांत गल्लत करू नका. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा चालू वर्षाचे वाचूनच फॉर्म भरा.

आता मुख्य प्रश्न. मार्केटमध्ये शॉर्टफिल्म विकायची आणि खर्च वसूल करायचा, या हिशेबाने जाणार असाल तर जाऊ नका. बॅज (प्रवेशपत्र), प्रवास, राहणं असा सगळा खर्च धरला तर एका शॉर्टफिल्मची विक्री त्याला क्वचितच पुरते, आणि पहिल्याच फिल्मची विक्री होईल याचीही खात्री नाही. मुळात विकत घेणारेच थोडे. काही युरोपियन वाहिन्या शॉर्टफिल्म नियमित दाखवतात. आर्टे या फ्रेंच-जर्मन वाहिनीवर त्यासाठी खास कार्यक्रम आहे, कनाल प्लुस ही फ्रेंच वाहिनी घेते, शॉर्ट्सटीव्हीसारखी फक्त शॉर्टफिल्म दाखवणारी वाहिनी आहे. विमानात दाखवण्यासाठी, शाळा-कॉलेजांसाठी, स्ट्रीमिंगसाठी थोडी खरेदी होते. टीव्हीचा भाव बहुतेक ठिकाणी मिनिटावर ठरतो. म्हणून लांब फिल्मला जास्त पैसे मिळतील असं वाटतं, प्रत्यक्षात होतं उलटंच. पंचवीस-तीस मिनिटांची फिल्म कुठल्याच वेळेच्या चौकटीत बसत नाही. दहा-बारा मिनिटांची कुठेही बसते.

त्यात हे खरेदीदार ओळखीच्या वितरकांकडूनच बराच माल उचलतात. सालो मोरिसे, स्क्वेअर आइज यांसारखे शॉर्टफिल्मचे वितरक त्यांना वर्षानुवर्षं माहीत असतात. त्यांच्याकडून आलेल्या फिल्मचे कागद नीट असणार, सबटायटल बरोबर असणार, हा भरवसा असतो. तुम्ही एकटे फिल्म घेऊन उभे राहता तेव्हा खरेदीदाराला हे सगळं नव्याने तपासावं लागतं.

मग मार्केट बिनकामाचं का? नाही. फक्त शॉर्टफिल्मसाठी खऱ्या अर्थाने एकच मोठं मार्केट आहे, ते फ्रान्समधल्या क्लेर्माँ-फेराँचं. जानेवारीच्या अखेरीस सुरू होणाऱ्या तिथल्या फेस्टिव्हलला जोडून ते भरतं, १९८६ पासून. कान किंवा बर्लिनच्या मार्केटमध्ये सगळा व्यवहार फीचर फिल्मचा, शॉर्टफिल्म कोपऱ्यात. क्लेर्माँत मात्र देशोदेशीच्या संस्था केवळ शॉर्टफिल्मसाठी टेबलं मांडून बसतात. स्विस फिल्म्सचं टेबल, जर्मनीच्या एजी कुर्त्सफिल्मचं टेबल, आणि प्रत्येकाच्या हातात आपल्या देशाचा कॅटलॉग. तिथे शॉर्टफिल्मला 'पुढच्या मोठ्या फिल्मची तयारी' म्हणून कुणी बघत नाही, एवढ्यासाठीसुद्धा एकदा जाऊन यावंसं वाटतं. पण ते 'वाटतं' वेगळं आणि पदरमोड करून जाणं वेगळं.

नवख्यांना सहसा कुणी सांगत नाही ती गोष्ट अशी की फिल्मला मार्केटमध्ये पोहोचण्यासाठी तुम्ही तिथे असावंच लागतं असं नाही. मार्केटची स्वतःची व्हिडिओ लायब्ररी असते. खरेदीदार आणि इतर फेस्टिव्हलचे प्रोग्रॅमर, म्हणजे फिल्म निवडणारे, तिथे हव्या त्या फिल्म्स शोधून बघतात, आणि मार्केट उठल्यावरही ही लायब्ररी काही काळ ऑनलाइन खुली राहते. क्लेर्माँला स्पर्धेसाठी पाठवलेली फिल्म निवडली गेली नाही तरी तिथल्या लायब्ररीत जागा मिळवू शकते. फॉर्म भरताना हा पर्याय कुठे येतो ते बघा आणि सोडू नका.

या लायब्ररीत फिल्म बघितली कशी जाते, ते मी बघितलेलं सांगतो. एका वाहिनीच्या खरेदी विभागातल्या बाई कानाला हेडफोन लावून बसल्या होत्या. पुढ्यात वही, तिच्यात आखलेले रकाने. पहिली दीड-दोन मिनिटं नीट बघायच्या, मग पट्टी पुढे सरकवून मधला तुकडा, मग शेवट. आवडली तर पुन्हा पहिल्यापासून. नाही आवडली तर वहीत एक आडवी रेघ आणि पुढची फिल्म. मधे त्या उठल्या तेव्हा मी बोलायची संधी साधली. माझी फिल्म कशावर आहे हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते इतकंच: 'किती मिनिटं? आमच्या देशाचे टीव्हीचे हक्क मोकळे आहेत का? संगीत कुणाचं?' कथेचं काय ते त्या स्वतः बघणार होत्या. तुमच्या फिल्मची पहिली दोन मिनिटं जर ड्रोनच्या शॉटवर सावकाश उमटणाऱ्या श्रेयनामावलीत जात असतील, तर एडिटरला पुन्हा फोन लावा.

'संगीत कुणाचं?' या तिसऱ्या प्रश्नावर भल्याभल्यांची दांडी उडते. मित्राने गिटारवर वाजवून दिलेलं असेल तरी त्याच्याकडून लेखी परवानगी हवी, आणि तिच्यात 'सर्व माध्यमं, सर्व देश' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. जुनं गाणं वापरलं असेल तर त्याचे दोन वेगवेगळे हक्क असतात: रचनेचा एक आणि ध्वनिमुद्रणाचा एक. दोन्हींचे मालक वेगळे असू शकतात. बरेच जण स्वस्तात मिळतो म्हणून फक्त फेस्टिव्हलपुरता परवाना घेतात. फेस्टिव्हलला तो चालतो, टीव्हीला चालत नाही. वाहिनीने होकार दिल्यावर टीव्हीचा परवाना मागायला गेलात की संगीत कंपनी सांगेल ती किंमत मोजावी लागते, कारण आता तुमची अडचण तिला कळलेली असते. म्हणून पहिल्या परवान्याच्या वेळीच पुढच्या टप्प्याचा दरही कागदावर लिहून घ्या, टीव्ही लागला तर इतके, स्ट्रीमिंग लागलं तर इतके. त्यावेळी हे सहसा कुणी नाकारत नाही.

बाकी सामानही आधीच बांधून ठेवायचं. संवादांची वेळेनुसार यादी, इंग्रजी सबटायटलची स्वतंत्र फाइल (फिल्मवर चिकटवलेली नव्हे), सबटायटलविना स्वच्छ प्रत, संगीताची क्यू शीट (कुठे कुठलं संगीत वाजतं याची यादी) आणि जमल्यास संवाद वगळून फक्त संगीत व इतर आवाजांचा ट्रॅक. हा शेवटचा ट्रॅक डबिंगसाठी लागतो. साउंड मिक्सच्या वेळी मागितला तर डिझायनर सहज काढून देतो, दोन वर्षांनी मागितला तर त्याची हार्डडिस्कच सापडत नाही. सबटायटल मात्र मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा कानाने कळणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. इथे पैसे वाचवू नका. मार्केटच्या तिकिटाचे पैसे वाचले तर ते इथे घाला, असं मी तर म्हणेन.

मग स्वतः कधी जायचं? माझ्या मते दोनच वेळा. एक, त्या मार्केटला जोडलेल्या फेस्टिव्हलमध्येच तुमची फिल्म निवडली गेली असेल तेव्हा. तेव्हा फेस्टिव्हल बॅज देतं, बरेचदा राहण्याची सोयही करतं, आणि तुम्हाला कुणाच्या मागे धावावं लागत नाही. लोकांनी फिल्म पडद्यावर बघितलेली असते. दोन, पुढच्या फिल्मची पटकथा तयार असेल तेव्हा. 'काय करताय सध्या?' हा प्रश्न मार्केटमध्ये पहिल्या पाच मिनिटांत येतो, आणि 'बघू, काहीतरी डोक्यात आहे' या उत्तरावर संभाषण संपतं.

अमेरिकन दिग्दर्शक डेमियन शझेलचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट. 'व्हिप्लॅश'ची १८ मिनिटांची शॉर्टफिल्म २०१३ च्या सनडान्स या अमेरिकन फेस्टिव्हलमध्ये बक्षीस मिळवून गेली आणि पुढच्याच वर्षी तिथे फीचर दाखवली गेली, इथपर्यंत बरोबर. पण त्या फीचरची पटकथा शॉर्टफिल्मच्या आधीच लिहून तयार होती. शॉर्टफिल्म हा तिच्यातलाच एक तुकडा, पैसे घालणाऱ्यांना दाखवण्यासाठी केलेला. आपल्याकडे होतं ते आधी कळस मग पाया. शॉर्टफिल्म घेऊन मार्केटला जायचं, निर्माता भेटला तर मग लिहायला बसायचं.

ॲनिमेशन करणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. फ्रान्समधल्या आनसीच्या ॲनिमेशन फेस्टिव्हलला जोडलेलं मिफा हे मार्केट १९८५ पासून चालू आहे आणि तिथे स्टुडिओ माणसं शोधायलाही येतात. शॉर्टफिल्म विकली गेली नाही तरी ती बघून काम मिळू शकतं. ॲनिमेशनवाल्याने पोर्टफोलिओ घेऊन जावं, मी अडवणार नाही.

गेलातच तर खरेदीदारांपेक्षा प्रोग्रॅमरकडे जास्त वेळ द्या. छोट्या-मध्यम फेस्टिव्हलचे निवडकर्ते मार्केटला फिल्म शोधायलाच येतात. त्यांनी बोलावलं तर प्रवेश फी माफ होते, काही जण दाखवण्याचं मानधनही देतात. अशा आठ-दहा आमंत्रणांची किंमत एका टीव्ही विक्रीपेक्षा कमी नाही. भेटीच्या वेळा मार्केट सुरू व्हायच्या आधी ठरवा. पहिल्या दिवशी जाऊन बघू म्हणणाऱ्यांना रिकाम्या खुर्च्याही मिळत नाहीत. रात्रीच्या पार्ट्या मजेच्या असतात, कामाच्या क्वचित.

एखाद्या वितरकाने तिथेच करार पुढे केला तर घाई नको. एकमेव हक्क (म्हणजे फिल्म फक्त त्यालाच विकता यावी असे) मागतोय का, किती वर्षांसाठी, कुठल्या देशांसाठी, आणि कमिशनशिवाय 'खर्च' म्हणून आणखी काय कापणार आहे, हे चार मुद्दे वाचा. खर्चाला वरची मर्यादा लिहून घेतली नाही तर हिशेब कायम शून्यावर येऊन थांबतो. आपल्या देशातले हक्क आणि फेस्टिव्हलला पाठवण्याचे हक्क स्वतःकडे ठेवता येतात का, हेही विचारा. पुष्कळदा हो म्हणतात, कुणी विचारत नाही इतकंच.

परत आल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मेल टाकू नका, त्या आठवड्यात त्यांचे इनबॉक्स तुंबलेले असतात. आठ-दहा दिवसांनी तीन ओळी लिहा: कुठे भेटलो, फिल्मचं नाव आणि मिनिटं, लिंक. पासवर्ड त्याच मेलमध्ये द्या आणि तो निदान वर्षभर बदलू नका. काही लायब्ररींमध्ये तुमची फिल्म कुणी किती बघितली ते दिसतं. ज्यांनी शेवटपर्यंत बघितली त्यांना आधी लिहा, ओळख झाली नसली तरी.