स्मृतिभ्रंश झालेल्यांसोबत गाणं: नागपुरात हे काम नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी

गाणं शिकलेली मंडळी या कामात आली की पहिली चूक बहुधा एकच होते: स्वतःला जे उत्तम येतं तेच गायला घेतात. इथे मैफल रंगवायची नसते. समोरच्याच्या तरुणपणी ओठांवर रुळलेलं गाणं शोधायचं, ते त्याच्याबरोबर गायचं आणि मग घरच्यांच्या हाती सोपवायचं. आठवड्यातली तुमची 45 मिनिटं संपली की बाकीचा आठवडा सून, मुलगा नाहीतर आयाच निभावते.

म्हणून आधी घरच्यांशी अर्धा तास बोला. जन्मसालात एकदा 10 आणि एकदा 25 मिळवा; या दोन सालांमधली गाणी सहसा सगळ्यात घट्ट बसलेली असतात. जन्म 1942 चा असेल तर 1952 ते 1967. नागपुरात ही यादी निव्वळ मराठी राहत नाही. 1956 पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी गल्लीबोळात होती, त्यामुळे अस्सल मराठी घरातल्या आजीही हिंदी सिनेगीतालाच आधी मान डोलावतात. बौद्ध घरात वंदना आणि भीमगीतं विचारा. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेच्या वेळी ही पिढी शाळकरी किंवा जेमतेम तरुण वयात होती. खेड्यात वाढलेल्या काकूंना भुलाबाईची गाणी, काकाजींना पोळ्याच्या झडत्या (बैलांसमोर मोठ्यानं म्हणायच्या यमकांच्या ओळी) आणि तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं. झडतीला तर सूरही लागत नाही, ठेका पुरतो. बोलणं जवळपास थांबलेला माणूसही शेवटचा शब्द झेलतो.

उलटा प्रश्नही न विसरता विचारा: कुठलं गाणं नको? घरातल्या मृत्यूच्या वेळी म्हटलेलं भजन अचानक सुरू झालं तर माणूस कोसळून रडतो आणि का ते सांगू शकत नाही. रडू आलं तर मात्र गाणं तोडू नका. आवाज खाली आणा, शेजारी बसा, हात पुढे करा. चार-पाच मिनिटांत ओसरलं नाही तरच बाहेर घेऊन जा.

गट 6 ते 8 जणांचा, प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस. हात असलेल्या खुर्च्या अर्धगोलात, उजेड तुमच्या चेहऱ्यावर, पाठीमागे खिडकी नको. वेळ सकाळी साडेदहाची बरी. संध्याकाळी पुष्कळ जणांची अस्वस्थता वाढते, त्या वेळी गट जमवू नये. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठलाच सुरू करा, कारण उन्हापेक्षाही कूलर जास्त नडतो. त्याच्या घरघरीत ऐकू कमी येणाऱ्याला शब्द कळत नाहीत, मग तो चिडतो आणि आपल्याला वाटतं त्याला गाणं आवडलं नाही. श्रवणयंत्र लावलंय का, सेल चालू आहे का, हे दारातच पाहा.

पट्टी तुमच्या सवयीपेक्षा दोन-तीन स्वर खाली घ्या. वयानं वरचे सूर अवघड जातात. लय मिनिटाला 60 ते 80 ठोक्यांची, केरवा किंवा दादरा. पेटी हळू. धातूचे टाळ टाळा, श्रवणयंत्रात ते टोचतात. खंजिरी किंवा मांडीवरची थाप पुरते. तांदूळ भरलेल्या बाटल्या वाजवायला देणार असाल तर झाकण चिकटपट्टीनं पक्कं करा, दाणे तोंडात जातात.

सुरुवातीला दरवेळी तेच गाणं, शेवटी दरवेळी तेच. मधे पाच-सहा गाणी खूप झाली, दोन गाण्यांमध्ये मिनिटभर शांतता. मुखडा दोनदा म्हणा, तिसऱ्यांदा शेवटचा शब्द गाळून थांबा. मनात दहा मोजा. नवख्यांना हे दहा अंक जड जातात, तिसऱ्यालाच ते स्वतः शब्द भरून टाकतात. उत्तर यायला तेवढा वेळ लागतोच. ‘ओळखा पाहू कुणाचं गाणं?’ असं कधीही विचारू नका, ती परीक्षा होते. हाक घरात मारतात तीच मारा. निवृत्त शिक्षक ‘गुरुजी’ म्हटल्यावर मान वर करतात. शब्दांचे कागद एका पानावर एक गाणं, अक्षर 28 पॉइंट. बोलणं तुटलेलं असूनही वाचता येणारे बरेच निघतात.

कपाळाला आठ्या, कपडे चिवडणं, कानावर हात, सारखं उठणं ही ‘पुरे’ची खूण. तेव्हा नवं गाणं काढू नका, थांबा. मोबाइलवर गाणी लावायची तर आधी उतरवून घ्या. मधेच जाहिरात किंचाळली की सगळा गट बिथरतो.

वहीत ‘छान झालं’ लिहून काही कळत नाही. गाण्याआधी आणि नंतर डोळे कुठे होते, ओठ हलले का, पाय ठेका धरत होता का, हे लिहा. संगीतानं हा आजार बरा होत नाही. घरच्यांना तसा शब्द देऊ नका. एखादा माणूस एक-दोन दिवसांत एकदम गोंधळला, गुंगीत गेला किंवा भलताच चिडखोर झाला तर ते गाण्याचं काम नाही. लघवीचा संसर्ग असू शकतो, नागपूरच्या उन्हाळ्यात अंगातलं पाणीही कमी झालेलं असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा.

शेवटची 15 मिनिटं काळजी घेणाऱ्यांची. एक स्वयंसेवक आजी-आजोबांपाशी बसतो, बाकीचे शेजारच्या खोलीत चहा घेतात. तिथे उपदेश नको. कोणत्या वेळी सगळ्यात जास्त त्रास होतो, एवढंच विचारा. आंघोळ म्हणाले तर आज साथ मिळालेल्या गाण्याच्या दोन ओळी ठरवा. पाणी काढतानाच त्या म्हणायला लागायचं, कपड्याला हात नंतर लावायचा. सुनेला गाता येत नसेल तरी चालतं, सूर चुकला तरी चालतं. ओळी रोज त्याच हव्यात. त्या मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि न्हाणीच्या दारावर चिकटवायला सांगा.