पिण्याच्या विहिरीचे पाणी: पाणलोटाच्या पाहणीपासून क्लोरिनच्या मात्रेपर्यंत

विहिरीच्या पाण्याबद्दल शंका आली की पहिली फेरी विहिरीच्या वरच्या अंगाला मारावी. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग बेसॉल्टने, म्हणजे काळ्या पाषाणाने, व्यापलेला आहे आणि या खडकातले भूजल मुरुमात व भेगांमध्ये साठून साधारणपणे उताराच्या दिशेने सरकत असते. वाळूच्या जाड थरातून पाणी जसे गाळून निघते तसे ते भेगेतून निघत नाही, त्यामुळे वर जे मुरते त्यातले बरेचसे थेट विहिरीपर्यंत पोहोचते.

ही फेरी चांगला पाऊस पडत असताना मारावी. ज्या माथ्यावरून एका बाजूचे पाणी आपल्या ओढ्याला आणि दुसऱ्या बाजूचे पलीकडच्या ओढ्याला जाते, ती पाणलोटाची हद्द समजावी. जमिनीखालची हद्द तंतोतंत हीच असते असे नाही, परंतु सुरुवात करायला ती पुरते. हद्दीच्या आतले उकिरडे, गोठे, शौचालयांचे खड्डे आणि सांडपाण्याची डबकी वहीत टिपून घ्यावीत. विहिरीपासून किमान 15 मीटरपर्यंत यांतले काहीही असू नये असा संकेत आहे. खडक भेगाळ असेल तर एवढ्या अंतरावर मी तरी विसंबणार नाही. कठडा फुटलेला असेल किंवा भोवतालच्या ओट्याला तडे गेले असतील, तर सांडलेले पाणी तिथूनच परत विहिरीत झिरपते, म्हणून ही दुरुस्ती सर्वांत आधी करावी.

नमुने दोन घ्यावेत. रासायनिक तपासणीसाठी एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी. जिवाणू तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र मुळीच विसळू नये, तिच्या तोंडाला बोट लावू नये आणि ती बर्फात ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. अहवालात निदान दोन गोष्टी पाहाव्यात: 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय (मैल्यातून येणारे) जिवाणू आढळता कामा नयेत आणि नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या आत असावे.

जिवाणूंवर टीसीएल, म्हणजे क्लोरिनयुक्त ब्लीचिंग पावडर, हा नेहमीचा उपाय आहे. समजा, विहिरीचा व्यास 5 मीटर आणि पाण्याची खोली 4 मीटर आहे. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले 0.785 केले की 78.5 घनमीटर, म्हणजे 78,500 लिटर पाणी निघते. चांगल्या प्रतीच्या पावडरीचे प्रमाण 1000 लिटरला 2.5 ग्रॅम धरले, तर सुमारे 200 ग्रॅम पुरते. विहीर फार घाण असेल तर जास्त लागते. पावडरीची बादलीत थोड्या पाण्याने पातळ लापशी करावी, मग पाणी वाढवून ढवळावे आणि दहा मिनिटे निवळू द्यावे. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून ती बादली दोराने विहिरीत खोल सोडावी व वरखाली हलवावी. तळाचा चुना विहिरीत टाकू नये, कारण त्याने पाण्याचा जडपणा वाढतो. तासाभराने ओटी चाचणी घ्यावी, म्हणजे विहिरीच्या थोड्या पाण्यात ऑर्थोटोलिडिन या द्रावणाचे थेंब टाकून रंग पाहावा. पाणी पिवळे झाले तर क्लोरिन शिल्लक आहे. रंगाच्या तक्त्यावर ते लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम भरायला हवे. उघडी राहिलेली, ओल लागलेली पावडर निकामी झालेली असते, आणि गावोगावी घोटाळा बहुतेक इथेच होतो.

नायट्रेटचे तसे नाही. शेणखत, युरिया आणि मैला यांतून येणारे नायट्रेट मातीच्या कणांना चिकटून राहत नाही, ते पाण्याबरोबर खाली उतरते. क्लोरिनने ते जात नाही. पाणी उकळले तर वाफ निघून जाते आणि नायट्रेट उरलेल्या पाण्यात अधिक दाट होते. सहा महिन्यांखालील बाळाचे वरचे दूध अशा पाण्यात कालवल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते, म्हणून बाळासाठी तत्काळ दुसऱ्या स्रोताचे पाणी वापरावे. नंतर वही उघडून वरच्या अंगाचा कोणता उकिरडा आधी हलवायचा ते ठरवावे आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर, असे वर्षातून दोनदा नमुने पाठवत राहावे.