लेथला डीसी मोटार बसवताय? या चुका टाळा

जालन्यातल्या माझ्या शेडवर जळका स्पीड कंट्रोलर, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा बोर्ड, घेऊन कुणी ना कुणी येतंच असतं. बोर्ड वेगळा, माणूस वेगळा, बोलणं मात्र एकच: "काका, डीसीच तर हाय, तिला काय होतंय?" डीसी म्हटलं की डोळ्यांपुढे बॅटरी येते. लेथच्या मोटारीला जाणारी डीसी साधारण १८० व्होल्टची असते आणि ती घरातल्या २३० व्होल्टमधूनच बनते.

सगळ्यात जास्त बोर्ड जळतात ते रिव्हर्सच्या स्विचनं. परतूरहून एक पोरगं आलं होतं. हुशार, हात चांगला, पण धीर नाही. मोटारीच्या दोन तारांत उलट-सुलट स्विच टाकला आणि चक (जॉब पकडून फिरणारा लेथचा भाग) फिरत असतानाच खटकन फिरवला. बोर्ड गेला. नवा आणला, आठवड्यात तोही गेला. तिसरा जळाल्यावर माझ्याकडे आला आणि म्हणाला, बोर्डच डुप्लिकेट आहेत.

बोर्डाचा दोष नव्हता. फिरती मोटार स्वतःच वीज तयार करते, पूर्ण वेगात जवळपास १७० व्होल्ट. स्विच उलटवला की ही वीज बोर्डावरच्या फ्रीव्हीलिंग डायोडमधून (मोटारीच्या दोन तारांमधे बसवलेला, एकाच दिशेनं वीज जाऊ देणारा भाग) सरळ वाहते. आर्मेचरचा, म्हणजे मोटारीच्या फिरत्या गुंडाळीचा, रेझिस्टन्स तीन ओहम धरा, म्हणजे पन्नासच्या वर अँपिअर. चार अँपिअरवर चालणाऱ्या मोटारीच्या बोर्डात एवढा करंट घुसला की आधी डायोड शॉर्ट होतो, मागोमाग एससीआर, म्हणजे वेग ठरवणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, जातात. मी मधे ऑफ असलेला, डीसीचं रेटिंग लिहिलेला स्विच लावतो आणि तोही झाकणाआड. नॉब शून्यावर, सप्लाय बंद, चक थांबलेला डोळ्यांनी पाहायचा, मगच झाकण उघडायचं. त्या पोराला दहा सेकंद थांबणं जड जात होतं. तीन बोर्डांचे पैसे गेले.

दुसरी चूक जिवावरची. स्वस्त बोर्डात ट्रान्सफॉर्मर नसतो, सगळं थेट मेनवर असतं. स्पीडच्या नॉबच्या तीनही तारा जिवंत असतात, वेग शून्यावर असला तरी. मी प्लॅस्टिक दांड्याचाच पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टन्स) घेतो आणि तारांवर स्लीव्ह, म्हणजे इन्सुलेशनची नळी, चढवतो. लेथच्या बॉडीला स्वतंत्र अर्थिंग हवंच. बरेच जण अर्थची तार न्यूट्रलला बांधून मोकळे होतात. ते बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. न्यूट्रल कुठेही तुटला की अख्ख्या लेथच्या बॉडीत फेजचा करंट उतरतो, आणि आपले हात हँडलवर असतात. आपल्याकडे मे महिन्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मी उन्हाळाभर त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो आणि वर्षातून एकदा वायरमनकडून अर्थिंग मोजून घेतो.

भंगारातली मोटार घेतली तर आधी प्लेट वाचा. ९० व्होल्टची मोटार १८० च्या बोर्डाला जोडू नका. चार तारा असतील तर बहुधा दोन फील्डच्या, म्हणजे मोटारीतलं चुंबक तयार करणाऱ्या गुंडाळीच्या, असतात. फील्ड तुटलं की मोटार बेफाम वेग घेते.

बोर्ड उघडा ठेवू नका, लोखंडाचा कीस आत पडतो.

फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून डीसी सपाट करणारा डबा) असलेल्या बोर्डात सप्लाय काढल्यावरही ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज राहतो. मीटर लावून बघितल्याशिवाय मी हात घालत नाही.

लोडशेडिंगचं तर विसरूच नका. लाईट गेली, आपण चक आवळायची चावी चकमध्येच ठेवून चहाला गेलो, लाईट आली आणि लेथ आपोआप सुरू. नो-व्होल्ट कॉइलचा स्विच लावा, लाईट गेली की तो सुटतो आणि हातानं दाबल्याशिवाय परत लागत नाही. शेतातल्या पंपाला ऑटो बसवतो तसला काही प्रकार लेथवर अजिबात नको.

पहिल्यांदा सप्लाय देताना मी मोटार न जोडता बोर्ड १०० वॉटच्या सिरीज बल्बमधून (सप्लायच्या एका तारेत मधे जोडलेल्या बल्बमधून) चालवतो. बल्ब क्षणभर पेटून विझला तर ठीक. भगभगीत पेटूनच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बोर्ड वाचतो. याला एलईडी चालत नाही, जुना तारेचाच बल्ब लागतो. हल्ली तो लवकर मिळत नाही, दिसला की दोन घेऊन ठेवा.