तलावपाळीच्या फेरीत पोटरी भरून येत असेल तर

ठाण्यात तलावपाळीला फेरी मारताना ठरावीक अंतरावर पोटरी भरून येत असेल आणि दोन-चार मिनिटे कठड्याशी उभे राहिल्यावर मोकळी होत असेल, तर मधुमेहींनी ते वयावर न ढकलता पायांचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आल्यास रक्तपुरवठा अपुरा समजतात. मात्र मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा, १.४ च्याही वर येऊ शकतो, आणि मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. पावसाळ्यात ओले मोजे घरी येताच काढून बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात आणि तळवा आरशात पाहावा. पायाला झालेले कुरूप ब्लेडने कापण्याचा घरगुती उद्योग मुळीच करू नये.