तंबू, कुंड्या आणि सुट्टीतले क्लास: कोल्हापूरच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

परीक्षा संपल्या की कोल्हापुरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. डंकाबाहेर, म्हणजे चटणी कांडायच्या गिरणीबाहेर, मिरच्यांची पोती घेऊन रांगा लागतात आणि लहान पोरांच्या आईबापांच्या डोक्यात सुट्टीचे बेत शिजायला लागतात. एक रात्र तंबूत काढायची, स्लॅबवर भाजी लावायची, पोरांना पोहायला घालायचं, जमलं तर लाठी शिकवायची. बेत चांगलेच असतात, बिघडतं ते वेळेच्या हिशेबात. 'उन्हाळ्याची सुट्टी' म्हणून आपण सगळं एका खात्यात टाकतो. पण इथला कोरडा एप्रिल, वळवाचा मे आणि रोहिणी लागल्यानंतरचे दिवस यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. खालच्या बहुतेक चुका तिथूनच येतात.

बी मे महिन्यात टाकणं

शाळेला सुट्टी लागली की मग बियांची पाकिटं आणायची, हा नेहमीचा प्रकार. भेंडी आणि गवार पेरल्यापासून तोडायला यायला साधारण 45 ते 50 दिवस घेतात. दहा मेला पेरलेली भेंडी जूनच्या शेवटी येणार. तोवर पोरांची शाळा सुरू, वर पावसाची झड, आणि स्लॅबवर कोण फिरकणार? एक एप्रिलच्या आसपास, म्हणजे परीक्षेच्या धामधुमीतच बी टाकलं, तर मेच्या मध्याला पोराच्या हातात पहिली भेंडी पडते. लहान मुलासाठी बागकामातली खरी मजा तोडण्यात असते, लावण्यात नाही.

उशीर झालाच असेल तर भेंडीचा नाद सोडा आणि लाल माठ टाका, महिनाभरात भाजी होते. दोडका, तांबडा भोपळा आणि कारली यांच्या बिया मात्र राखून ठेवा. रोहिणी नक्षत्र 25 मेच्या सुमारास लागतं. तेव्हा टोकलेले वेल पावसावर आपोआप वर चढतात, तुम्हाला फक्त मांडव द्यायचा.

आता काय लावू नये तेही सांगतो. एप्रिल-मे मध्ये कोथिंबीर आणि पालक लावले की पानं धरायच्या आत तुरे येतात. लोक म्हणतात, बी खराब निघालं. बी बरोबर असतं, उन्हामुळं रोप घाईघाईनं फुलावर जातं. टोमॅटोचं रोप दिसायला टवटवीत असतं, पण पारा 35 च्या वर राहिला की फुलं गळतात आणि फळ धरत नाही. खताचा डोस वाढवून त्यावर काही होत नाही. त्याला दुपारी सावली द्या, नाहीतर ऑगस्टपर्यंत थांबा.

ओलं शेण आणि नुसती काळी माती

नदीकाठची काळी माती शेताला सोन्यासारखी, कुंडीत मात्र वैरी. पाणी घातलं की चिखल, वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. कुंडीसाठी पन्हाळा-राधानगरीकडची तांबडी माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा, त्यात हाताशी असेल ते भुसभुशीत काहीतरी घाला, कोकोपीट किंवा कुजलेला पालापाचोळा. वरून उसाचं पाचट तीन-चार बोटं जाड पसरा. आपल्याकडं पाचट मागितलं तर कोणीही शेतकरी देतो, आणि माती थंड ठेवायला त्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. जमिनीवरच्या वाफ्यात वाळवी असेल तर मात्र जपून.

शेणाचं म्हणाल तर ते ओलं अजिबात नको. एक तर ते कुजताना तापतं आणि कोवळी मुळं भाजतात. दुसरं म्हणजे त्यातून हुमणी येते. खत चाळताना पांढरी, लठ्ठ, अर्धवर्तुळात वळलेली, तांबूस डोक्याची अळी सापडली तर तीच हुमणी. ऊस पिकवणाऱ्या कुठल्याही घरात विचारा, तिचं नाव काढलं की कपाळाला आठ्या पडतात. कुंडीत दोन अळ्या असल्या तरी मुळं कुरतडतात. रोप भर पाण्यातही मान टाकतं, आणि आपण आणखी पाणी ओततो.

इथं पोरांना दाखवण्यासारखी एक गोष्ट आहे, जी कुठल्या शिबिरात मिळणार नाही. वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की त्या संध्याकाळी अंधार पडताना हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर पाला खायला जमतात. नंतर माद्या पुन्हा जमिनीत जाऊन अंडी घालतात. एका घमेल्यात साबणाचं पाणी घ्या, वर बल्ब टांगा, आणि झाडाजवळ ठेवा. भुंगेरे दिव्याला धडकून पाण्यात पडतात. फांदी हलवून खाली पडलेले पोरं हातानं गोळा करू शकतात, ते चावत नाहीत. गावाकडं शेतकरी हेच करतात, कारण एक भुंगेरा आज मेला की पुढच्या कितीतरी अळ्या टळतात. पाचवी-सहावीच्या पोराला कीटकाचं जीवनचक्र यापेक्षा बरं कोण शिकवणार?

पाणी घालण्यातला घोळ

रोप कोमेजलं म्हणजे त्याला तहान लागली, असं दरवेळी नसतं. नर्सरीवाले मामा सांगतात ते खरं: "वैनी, आधी बोट घालून बघा, मग पाणी." दोन पेरं बोट मातीत घाला. आत ओल लागली तर पाणी नको. दुपारी माना टाकलेलं आणि संध्याकाळी पुन्हा उभं राहिलेलं रोप ठणठणीत असतं.

पाणी घालायचं ते सकाळी उन्हं तापायच्या आत. स्लॅबवर पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी हाताला चटका बसण्याइतकं तापलेलं असतं, ते आधी बादलीत सोडा. काळ्या टाकीतलंही तसंच. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूच्या डासाला तेवढं पुरतं. गावाला जाणार असाल तर कुंड्या एका कोपऱ्यात सावलीला चिकटून ठेवा. मधे पाण्याची बादली ठेवा आणि सुती कापडाच्या वाती बादलीतून प्रत्येक कुंडीच्या मातीत खोचा. चार दिवस निभतात.

मिरचीची पानं वरच्या बाजूला वळली की तो बोकड्या, फुलकिड्यांचं काम. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. भर उन्हात फवारलं तर किडे राहतील आणि पानं करपतील.

पहिलीच रात्र एकदम जंगलात

नवा तंबू आणला आणि थेट दाजीपूरच्या जंगलात निघाले, असं करू नका. पहिली रात्र आपल्याच स्लॅबवर काढा. रात्री लघवीला उठल्यावर पोरगं चेन उघडून बाहेर येतं का, कोणाला अंधाराची भीती वाटते, कोणता टॉर्च चालत नाही, हे सगळं तिथं कळतं. सूर्य मावळल्यावर स्लॅबवर पाणी मारा, नाहीतर दहा वाजेपर्यंत खालून तवा तापलेला असतो. खिळे ठोकायला जागा नसते, म्हणून दोऱ्या विटांना बांधा. हीच कला पुढं उपयोगी पडते. मसाई पठारासारख्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, जांभ्या दगडात खिळा वाकतो, जात नाही. तिथं गेलेल्यांची निम्मी संध्याकाळ खिळे ठोकण्यात जाते आणि रात्री वाऱ्यानं तंबू उडतो.

जागा निवडतानाच्या चुका वेगळ्या. पन्हाळा किल्ला 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आहे, तटबंदीजवळ तंबू आणि चूल मांडायची जागा ती नव्हे. पन्हाळ्याला दिवसा जा. अंबारखान्यातल्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठारांसमोर पोरांना उभं करून विचारा, एवढ्या धान्यावर किती माणसं किती दिवस निघतील. राधानगरी अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. तिथला गवा लांबून शांत दिसतो म्हणून फोटोसाठी गाडीतून उतरू नका. त्याला पिल्लासकट बघितलं तर आणखी मागं सरका.

धरणाच्या पाणलोटाचा काठ सगळ्यांना मोहात पाडतो. पाणी ओसरलेल्या जागी वरून सुकलेला आणि आत भुसभुशीत गाळ असतो, पोराचा पाय गुडघ्यापर्यंत जातो. धरणाखाली नदीच्या पात्रात तर मुक्काम नकोच. आभाळ कोरडं असलं तरी वरून पाणी सोडलं की पातळी वाढते. ओळखीच्या माणसाचं शेत, शेजारी घर आणि विहीर, ही लहान मुलांसाठी सगळ्यात उत्तम जागा. गवा नसला तरी चालेल.

वळवाला हलक्यात घेणं

मे महिन्यातल्या मुक्कामाची खरी परीक्षा हीच. दुपारी तीनपर्यंत रणरण, चारला आभाळ भरून येतं, मग वारा, धूळ, गारा आणि विजा. "येईल आणि जाईल" म्हणत लोक माळावर बसून राहतात किंवा एकट्या झाडाखाली धावतात. दोन्ही वाईट. तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली चारचाकी, एवढाच आसरा.

पोरांना मोजायला लावा. वीज चमकली की एक, दोन, तीन... गडगडाट ऐकू येईपर्यंत. आवाजाला किलोमीटरभर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे तीसपर्यंत मोजायच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच आसऱ्याला जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अॅप फोनवर घेऊन ठेवा, जवळपास वीज पडत असेल तर ते सूचना देतं. रेंज जाते म्हणून मोजणी यायलाच पाहिजे.

त्याच वळवाच्या भरवशावर चूल विझवायची सोडू नका. एप्रिलात माळावरचं गवत ठिणगीला टेकलेलं असतं. स्टोव्ह वापरा, शेकोटीचा हट्ट थंडीसाठी ठेवा.

काजव्यांवर टॉर्च

वळीव पडून गेल्यावर, मेच्या उत्तरार्धात, राधानगरीच्या बाजूला काजव्यांनी झाडं लखलखतात. बघायला येणाऱ्यांची गर्दीही तितकीच असते. गाडीचे दिवे, मोबाइलचा फ्लॅश, पोरांच्या हातात झाकण लावलेली बाटली. काजव्याचं चमकणं म्हणजे जोडीदाराला केलेली खूण, भोवती उजेड असला की ती दिसतच नाही आणि अंडी घालायचं राहून जातं. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन बांधा, तोही जमिनीकडं धरा. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्यात पोरं कंटाळतात, म्हणून जेवून, झोप काढून आणलेली बरी.

औषधाच्या डब्यातल्या चुका

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. पेलाभर पाण्यात अर्धं पाकीट टाकून पाजलं की मीठ जास्त होतं आणि लहान मुलाला त्रास वाढतो. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि अनेकदा दुखतही नाही. तंबूची चेन पूर्ण लावा, बूट झटकून घाला. साप चावल्याचा नुसता संशय असला तरी हात-पाय न हलवता, आवळून न बांधता, न कापता थेट दवाखाना. 108 ला फोन करा. मांत्रिकाकडं जाण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

सकाळ-संध्याकाळ क्लास

एका सुट्टीत पोहणं, चित्रकला, कॅलिग्राफी आणि कोडिंग. पोरगं कशातच रमत नाही, आणि पैसे भरलेत म्हणून आपण त्याला ओढत नेतो. सुट्टीला एकच नवी गोष्ट पुरे, बाकी वेळ मोकळा सोडा. घरात चटणी होतेच, लसूण सोलायला बसवा. मिरच्या भाजताना मात्र बाहेर पाठवा.

पोहायला शिकवायचं तर गावाकडच्या विहिरीत पाठीला डबा बांधूनच कोल्हापूरकरांच्या पिढ्या तरल्या. पद्धत वाईट नाही, फक्त हाताच्या अंतरावर पट्टीचा पोहणारा मोठा माणूस पाण्यातच हवा, काठावर फोन बघत नव्हे. बुडणारं मूल ओरडत नाही. फुगवायच्या रंगीत रिंगा खेळणी आहेत, त्यांच्यावर विसंबू नका.

लाठी आणि दांडपट्टा शिकवणारे वस्ताद इथं अजून आहेत, हे आपलं भाग्य. पालकांची घाई अशी की पहिल्याच आठवड्यात पट्टा फिरवतानाचा व्हिडिओ पाहिजे. वस्ताद महिनाभर नुसता पवित्रा आणि पायांची चाल करून घेतो, तेव्हा "दादा, हे कधी संपणार?" असं विचारू नका. लाठीही आधीच विकत घेऊन जाऊ नका. पोराच्या उंचीला आणि मनगटाला कोणती झेपेल ते वस्तादच ठरवेल.

तंबूची घडी

शेवटचा मुक्काम बहुधा वळवात भिजून संपतो आणि ओला तंबू तसाच पिशवीत जातो. जुलैत उघडला की बुरशीचे काळे ठिपके आणि कुबट वास. मृग लागायच्या आत एखादं कोरडं ऊन गाठा, तंबू स्लॅबवर सावलीत पसरा, शिवणी उलट्या करून वाळवा, खिळे पुसून तेलाचा हात द्या. घडी जुन्या रेषेवर घालू नका, कापड तिथंच फाटतं. पिशवीत कडुनिंबाचा वाळका पाला टाका आणि माळ्यावर भिंतीपासून लांब ठेवा, पावसात त्या भिंतीला ओल येते.