केबल सुटली तरी कर्नल कोसळू नये: उघडी फाइल आणि यूएसबी ड्रायव्हर

वागळे इस्टेटमध्ये किंवा महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीत वजनकाटा, स्कॅनर नाहीतर तापमापक यूएसबीने लिनक्स बोर्डाला जोडलेला असेल, तर त्याची केबल कधी ना कधी सुटणारच. फोर्कलिफ्टचा धक्का, कंपनांनी सैल झालेला कनेक्टर, खाडीकडच्या दमट हवेत गंजलेल्या पिना, काहीही पुरतं. केबल सुटल्यावर वाचन थांबलं तर चालेल. पण अख्खा बोर्ड अडकला तर दोष ड्रायव्हरचा (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, डिव्हाइस हाताळणाऱ्या कोडचा), आणि तो बहुतेक वेळा एकाच जागी सापडतो.

केबल निघाली की डिव्हाइसचं आयुष्य संपतं. कर्नल ड्रायव्हरचं डिस्कनेक्ट फंक्शन बोलावतो आणि त्या वेळी डिव्हाइसची फाइल, प्रोग्रॅम जिच्यातून वाचतो ती, कुणी उघडून ठेवली आहे का, हे पाहत बसत नाही. फाइलचं आयुष्य वेगळं चालतं. प्रोग्रॅमने क्लोज केलं तरी रिलीज (फाइल खरोखर सुटल्यावर ड्रायव्हरला येणारा कॉल) लगेच येईल असं नाही. फोर्क (प्रोग्रॅमची दुसरी प्रत) किंवा ड्यूपमुळे (उघड्या फाइलची दुसरी मूठ) तीच फाइल आणखी कुणी धरून ठेवली असेल, तर शेवटचा धरणारा सोडेपर्यंत रिलीज येत नाही. डिस्कनेक्टमध्ये केफ्री करून, म्हणजे मेमरी परत देऊन, मोकळे झालात आणि फाइलच्या प्रायव्हेट_डेटामध्ये तोच पॉइंटर राहिला, की पुढचा रीड परत केलेल्या मेमरीत शिरतो. त्यातही पंचाईत अशी की त्या मेमरीत जुना मजकूर काही काळ तसाच पडून असतो. त्यामुळे ऑफिसच्या टेबलावर केबल कितीदाही काढा, काही होत नाही; गिऱ्हाइकाकडे रात्रपाळीत मात्र होतं.

आधी ऊप्स नीट वाचा

ऊप्स म्हणजे कर्नलमध्ये चूक झाल्यावर त्याने लॉगमध्ये लिहिलेला अहवाल. लॉगमधला पहिला ऊप्स तेवढा खरा धरायचा. त्यानंतरचे ऊप्स आधीच मोडलेल्या कर्नलचे असतात. टेंटच्या (कर्नलच्या स्थितीच्या खुणांच्या) अक्षरांत 'डी' दिसला तर त्याआधी एक ऊप्स होऊन गेलेला आहे, वर जाऊन तो शोधा.

मग ऊप्समधला मेमरीचा पत्ता बघा. ०एक्स१८ असा छोटा पत्ता म्हणजे स्ट्रक्चरचा पॉइंटर नल (रिकामा) होता आणि कोड त्यातल्या २४व्या बाइटवरचं फील्ड मागत होता. पाहोल हे साधन स्ट्रक्चरमधल्या प्रत्येक फील्डचं ऑफसेट दाखवतं, त्यावरून कुठला सदस्य ते लगेच कळतं. रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी अशी रांग दिसली तर शंकाच नको: फ्री केलेली मेमरी वापरली आहे. ही खूण कर्नल आपणहून घालत नाही. त्यासाठी बूट करताना स्लब_डीबगला पी हा पर्याय द्यावा लागतो. ६४-बिट इंटेल यंत्रावर असा पत्ता वैधच नसतो, म्हणून तिथे नल पॉइंटरऐवजी 'जनरल प्रोटेक्शन फॉल्ट' असा संदेश येतो.

फंक्शनच्या नावापुढे +०एक्स२सी/०एक्स९० असं असेल, तर ०एक्स९० बाइटच्या फंक्शनमध्ये ०एक्स२सी इतकं आत गेल्यावर घात झाला. कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरातल्या फॅडर२लाइनला मॉड्यूलची, म्हणजे ड्रायव्हरची, फाइल आणि ही जोडी द्या, ओळ क्रमांक मिळतो. मॉड्यूल डीबग माहितीसह बांधलेलं हवं आणि बोर्डावर चालत होतं तेच हवं. नंतर पुन्हा कंपाइल केलेल्या मॉड्यूलवर शोधाल तर भलतीच ओळ हाती लागेल.

ऑफिसातल्या बोर्डावर केसॅन हा कर्नलचा मेमरीच्या चुका पकडणारा तपासनीस चालू करता आला तर उत्तमच. मेमरी कुणी घेतली, कुणी सोडली आणि नंतर कुणी हात लावला, या तिन्हींचे कॉल ट्रेस तो एकाच अहवालात देतो. त्याचा जेनेरिक प्रकार एक अष्टमांश मेमरी स्वतःकडे ठेवतो, म्हणजे ५१२ एमबीच्या बोर्डावर ६४ एमबी गेली. वेगही बराच उतरतो, म्हणून गिऱ्हाइकाकडच्या बोर्डावर तो नको. तिथे रॅमूप्स (ऊप्सचा लॉग रॅममध्ये राखून ठेवणारी सोय) लावा आणि कर्नल.पॅनिक_ऑन_ऊप्स १, कर्नल.पॅनिक १० ठेवा. ऊप्सनंतर १० सेकंदांनी बोर्ड स्वतः रीस्टार्ट होतो आणि लॉग पीस्टोअर या फोल्डरात सापडतो. अट एकच, मध्ये वीज जाता कामा नये. ऑपरेटरचा हात पहिल्यांदा मेन स्विचकडेच जातो, तेव्हा पेटीवर तशी चिठ्ठी चिकटवलेली बरी.

दुरुस्ती

ड्रायव्हरच्या मुख्य स्ट्रक्चरमध्ये केरेफ, म्हणजे ते किती जण धरून आहेत हे मोजणारा आकडा, टाका. प्रोबमध्ये (डिव्हाइस जोडल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) केरेफ_इनिट, ओपनमध्ये केरेफ_गेट, रिलीजमध्ये केरेफ_पुट आणि डिस्कनेक्टच्या शेवटी आणखी एक केरेफ_पुट. केफ्री फक्त केरेफच्या रिलीज फंक्शनमध्ये (फाइलच्या नव्हे; आकडा शून्य झाल्यावर चालतं ते), दुसरीकडे कुठेही नाही. प्रोबमध्ये यूएसबी_गेट_डेव्ह केलं असेल तर त्याचा यूएसबी_पुट_डेव्ह सुद्धा तिथेच.

या स्ट्रक्चरची मेमरी घ्यायला डेव्हएम_केझॅलॉक वापरू नका. ते सोयीचं वाटतं, पण ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटला की ती मेमरी कर्नल स्वतः परत घेतो, केरेफचा आकडा कितीही असो. केरेफ घातला तरी कोसळणं थांबत नसेल तर आधी हेच तपासा.

डिस्कनेक्टमध्ये क्रमाला महत्त्व आहे. प्रथम यूएसबी_डीरजिस्टर_डेव्ह, म्हणजे नवीन ओपन येणं बंद. मग म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घेऊन 'डिस्कनेक्टेड' हा फ्लॅग लावा आणि म्युटेक्स सोडा. मग यूएसबी_किल_यूआरबी (यूआरबी म्हणजे यूएसबीवर पाठवलेली डेटाची एक मागणी), कॅन्सल_वर्क_सिंक, टायमर असेल तर तोही सिंक प्रकाराने थांबवा. झोपलेल्या रीडरना वेकअप द्या आणि अगदी शेवटी केरेफ_पुट. यूएसबी_किल_यूआरबी कॉलबॅक (यूआरबी परत आल्यावर चालणारं फंक्शन) संपेपर्यंत थांबतो. स्पिनलॉक (जे धरून झोपता येत नाही असं कुलूप) धरून तो बोलावलात तर नवीन घोळ झाला.

रीडमध्ये म्युटेक्स मिळाल्यावर लगेच फ्लॅग बघा, लागलेला असेल तर उणे ईनोडेव्ह ('डिव्हाइस नाही' ही एरर) परत करा. झोपेतून उठल्यावर पुन्हा बघा. आणि डेटाची वाट पाहत झोपण्याआधी म्युटेक्स सोडाच. नाही सोडला तर डिस्कनेक्ट त्याच म्युटेक्ससाठी ताटकळतो, त्याच्यासोबत यूएसबी हबचं काम करणारा केवर्करही अडकतो, आणि केबल परत लावली तरी बोर्डाला काहीच दिसत नाही. ऊप्स येत नाही. १२० सेकंदांनी 'टास्क ब्लॉक्ड' एवढाच संदेश. बरेच जण इथे हबला दोष देऊन नवा हब आणतात.

जाता जाता डेटा कर्नलमधून प्रोग्रॅमकडे नेणारा कॉपी_टू_यूजरही बघून घ्या. कॉपी न झालेल्या बाइटची संख्या तो देतो. तीच रीडमधून परत पाठवली तर वरच्या प्रोग्रॅमला ती वाचलेल्या बाइटची संख्या वाटते. शून्य नसेल तर उणे ईफॉल्ट ('पत्ता चुकीचा' ही एरर) द्या.

चाचणी

दर वेळी केबल ओढायची गरज नाही. सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे) ड्रायव्हरच्या फोल्डरात अनबाइंड आणि बाइंड अशा दोन फाइली असतात, त्यांत १-१.२:१.० असं इंटरफेसचं नाव लिहिलं की डिव्हाइस सुटतं आणि जोडलं जातं. एक प्रोग्रॅम रीडमध्ये अडकवून ठेवा, अनबाइंड करा, ५ सेकंद थांबून क्लोज करा, बाइंड करा, आणि हा फेरा रात्रभर स्क्रिप्टने फिरवा. केसॅन गप्प राहिला पाहिजे.

तरी शेवटी खरी केबल ओढून बघायचीच, कारण अनबाइंडमध्ये विजेचा गोंधळ नसतो. केबल निघाल्यापासून हबच्या लक्षात येईपर्यंत यूआरबी ईप्रोटोसारखी (बोलणं बिघडल्याची) एरर देत परत येतात. कॉलबॅक तीच यूआरबी लगेच पुन्हा पाठवत असेल तर तेवढ्या क्षणात लॉग भरून वाहतो. ईप्रोटोवर थोडा वेळ देऊन पाठवा. ईशटडाउन (डिव्हाइस बंद) किंवा ईनोएंट (यूआरबी रद्द) आली तर अजिबात पाठवू नका.

वरच्या प्रोग्रॅमलाही ईनोडेव्ह आल्यावर फाइल क्लोज करून नव्याने उघडायला शिकवा. तोच रीड पुन्हापुन्हा करत राहिला तर सीपीयूचा एक कोअर पूर्ण खातो. यूएसबी-सिरियल डिव्हाइस असेल तर जुनी फाइल उघडी राहिल्यामुळे टीटीवाययूएसबी० ऐवजी टीटीवाययूएसबी१ मिळतो, म्हणून क्रमांकावर विसंबू नका. डेव्हमधल्या सिरियल/बाय-आयडी फोल्डरातली लिंक उघडा.