फोन किंचाळला की टेबलाखाली: टोकियोतल्या निशिकासाईत नव्याने येणाऱ्यांसाठी

टोकियोत आल्यावर बँक, सिमकार्ड, वॉर्ड ऑफिस ही कामं कुणी ना कुणी सोबत येऊन करून देतं. पण बॅगा उघडायच्या आधी भूकंपाच्या इशाऱ्याचा आवाज यूट्यूबवर लावून घरातल्या सगळ्यांना ऐकवा, मुलांनासुद्धा. मी ऐकला नव्हता. पहिल्याच वर्षी मध्यरात्री उशीजवळचा फोन किंचाळून "जिशिन देस", म्हणजे भूकंप आहे, असं सांगत होता आणि मी गजर समजून तो बंद करत बसले. तेवढ्यात मांडणीवरची भांडी खणखणायला लागली.

जमिनीतून आधी वेगवान पण हलकी लाट येते, खरा हादरा तिच्या मागून. जपानची हवामान संस्था ती पहिली लाट पकडून इशारा देते. 2007 पासून तो सर्वसामान्यांना मिळतो. हातात मिळतात काही सेकंद. केंद्र अगदी जवळ असलं तर तेही नाहीत.

किल्लारीनंतर आपल्या मनात बसलंय की जमीन हलली की घराबाहेर पळायचं. इथे तसं करू नका. इमारती हादरे सोसायला बांधलेल्या असतात, काचा आणि फरशा मात्र बाहेर डोक्यावर पडतात. टेबलाखाली शिरा, त्याचा पाय घट्ट धरा. कुकर चढवलेला असला तरी गॅसकडे धावू नका, मोठ्या हादऱ्यात मीटर आपोआप गॅस बंद करतो. नंतर शेगडी पेटली नाही तर घाबरू नका. वास येत नसेल तर मीटरवरचं बटण दाबून तीन मिनिटं थांबायचं.

भारतातून आणलेल्या फोनवर इशारा येईलच असा भरवसा ठेवू नका, इशारे देणारं 'सेफ्टी टिप्स' ॲप घ्या. इंग्रजीत चालतं.

संध्याकाळी आपत्तीच्या सूचना देणाऱ्या, खांबावरच्या भोंग्यातून बालगीताची धून वाजते. मुलांना घरी बोलावण्यासोबत भोंगे चालू आहेत का, तेही त्यातून तपासलं जातं.

पुराकडे मात्र आपले लोक फारच कमी लक्ष देतात, याची मला खरी काळजी वाटते. आपल्या एदोगावा वॉर्डाची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. वॉर्डाने 2019 मध्ये घरोघरी दिलेल्या पुराच्या नकाशावर "इथे थांबू नका" असं स्पष्ट छापलंय. पुराच्या इशाऱ्याच्या पाच पातळ्या असतात. चौथी पातळी म्हणजे धोक्याच्या भागातल्या सगळ्यांनी निघायचं. म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं असलेल्यांनी तिसरीलाच. पाचवीची वाट पाहिली तर रस्ताच उरत नाही. मोठं वादळ येणार असेल तर आदल्या दिवशीच टोकियोबाहेर, उंचावरच्या ओमियातल्या मित्राकडे जायचं, असं आम्ही ठरवून ठेवलंय. गाडी कुठे बदलायची ते मुलीलाही पाठ आहे.